जुने पान जात का नाही? दोन कॅशे प्लगइनांचा तंटा आणि त्याची तपासणी

रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात ठरलेली वेळ ठरलेलीच राहील, याची हमी कोणी देत नाही. कोकण रेल्वेचे वेळापत्रक दरवर्षी पावसापुरते निराळे असते. अनेक वर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर या काळात लागू असे, २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे ठेवण्यात आले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले तेव्हा परिस्थिती तासागणिक पालटत होती. पाऊस नसतानाही हेच. परशुराम घाटाचे रुंदीकरण चालू असताना २०२२ व २०२३ च्या उन्हाळ्यात तेथील वाहतूक दिवसातले काही तास बंद ठेवली जात असे. अशा मुलखात संकेतस्थळावरील पान कालचे राहिले, तर त्याची किंमत वाचकाला पायी मोजावी लागते.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग येथे नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते. एका धर्मग्रामातील अंत्यविधीची वेळ सकाळी १० अशी आम्ही संकेतस्थळावर दिली होती. मुंबईहून निघालेल्या मुलाची गाडी वाटेत अडकली आणि कुटुंबाने विधी दुपारी ४ वाजता ठेवला. आम्ही सकाळी ७ वाजताच सूचना दुरुस्त केली, ‘आजच्या सूचना’ हे पान उघडून पाहिले, तेथे ४ दिसले, आणि निश्चिंत झालो. साडेनऊला दूरध्वनी आला की लोकांना अजून १० च दिसत आहेत. आम्ही साठा रिकामा करण्याचे बटण दाबले. तरीही १० च. दूरच्या वाडीतून चालत आलेली वयस्क मंडळी त्या दिवशी भिजल्या कपड्यांनी दुपारपर्यंत चर्चच्या व्हरांड्यात बसून राहिली. कोणी आम्हांस बोल लावला नाही, हे अधिक लागले. आमच्या संकेतस्थळावर दोन कॅशे प्लगइन एकाच वेळी चालू होते. एक पूर्वी काम पाहणाऱ्या स्वयंसेवकाने बसविले होते, दुसरे जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून आपोआप आले होते.

वर्डप्रेसवर चालणारी छोटी संकेतस्थळे सांभाळणाऱ्या धर्मग्रामांना, शाळांना, संस्थांना आणि आंबा बागायतदारांना उपयोगी पडावे, म्हणून हे टिपण देत आहोत.

आगोट एक, वाटेकरी दोन

कॅशे म्हणजे रोकड नव्हे. उच्चारसाम्यामुळे हा घोटाळा आमच्या एका सभेत खरोखरच झाला होता. कॅशे म्हणजे साठा. कोकणातील वाचकांना आगोट समजावून सांगण्याची गरज नाही. पाऊस लागण्यापूर्वी घरात तांदूळ, मीठ, मिरची, सुकी मासळी भरून ठेवली की दर दिवशी बाजार गाठावा लागत नाही. संकेतस्थळाचेही तसेच आहे. वर्डप्रेस हे २००३ साली सुरू झालेले मुक्त सॉफ्टवेअर प्रत्येक वाचकासाठी पान नव्याने रचते: माहितीकोशातून मजकूर काढते, साच्यात बसविते, मग पाठविते. वाचक वाढले की स्वस्तातला सर्व्हर थकतो. कॅशे प्लगइन एकदा रचलेले पान तयार ठेवते आणि पुढच्या वाचकाला तेच देते. डब्ल्यूपी सुपर कॅशे (२००७), डब्ल्यू-थ्री टोटल कॅशे (२००९), डब्ल्यूपी रॉकेट (२०१३) आणि लाइटस्पीड कॅशे ही त्यांतील परिचित नावे.

अडचण अशी की, वर्डप्रेसने पूर्ण पानांच्या साठ्यासाठी घरात एकच माळा ठेवला आहे. डब्ल्यूपी-कंटेंट या फोल्डरमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड-कॅशे’ नावाची एक फाईल असते. डब्ल्यूपी-कॉन्फिग या फाईलमध्ये ‘डब्ल्यूपी कॅशे’ ही खूण चालू असेल, तर वर्डप्रेस इतर सर्व प्लगइनांच्या आधी ती फाईल वाचते. फाईल एक, त्यामुळे मालकही एकच. दुसरे प्लगइन चालू केले की ते एक तर पहिल्याची फाईल पुसून आपली ठेवते, नाही तर जागा रिकामी नसल्याची तक्रार करते. पहिल्याच्या पडद्यावर मात्र ‘चालू आहे’ असेच दिसत राहू शकते. माहितीकोशाच्या उत्तरांचा साठा करणाऱ्या ‘ऑब्जेक्ट-कॅशे’ फाईलचीही हीच कथा. रेडिससाठी वेगळे प्लगइन बसविले आणि लाइटस्पीड किंवा डब्ल्यू-थ्रीमधलीही तीच सोय चालू केली, तर दोघे एकाच खुर्चीवर बसू पाहतात.

काही साठे या माळ्यावर नसतातच, आणि तेथे खरा गोंधळ होतो. लाइटस्पीड कॅशे आपली पाने वर्डप्रेसच्या फोल्डरमध्ये न ठेवता लाइटस्पीड सर्व्हरमध्येच ठेवते; डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या फाईली पुसून ती जात नाहीत. काही होस्टिंग कंपन्या वर्डप्रेसच्या पुढे आपला स्वतःचा साठा उभा करतात. क्लाउडफ्लेअरसारखी सेवा तर संकेतस्थळाच्याही बाहेर, वाटेवर बसलेली असते. मुळात ती चित्रे व शैलीच्या फाईलीच साठविते, मजकुराची पाने नव्हे. पण कोणी उत्साहाने तसा नियम लावून ठेवला असेल, तर पानेही साठविते. शेवटचा साठा वाचकाच्या ब्राउझरमध्ये.

आमच्या प्रसंगाचा उलगडा येथे होतो. आतले प्लगइन सूचना बदलल्यावर त्या सूचनेचे स्वतःचे पान, मुखपृष्ठ आणि विभागांची पाने पुसत असे. ‘आजच्या सूचना’ हे पान आम्ही हाताने रचलेले होते. सूचना बदलली की हेही पान बदलते, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. आम्ही दाबलेले बटण बाहेरच्या साठ्याचे होते. बाहेरचा साठा रिकामा झाला, पुढच्या वाचकाबरोबर त्याने आतून पान मागविले, आतल्या साठ्याने पहाटेचेच पान दिले, आणि बाहेरच्याने ते ‘ताजे’ म्हणून पुन्हा भरून घेतले. विहिरीतले पाणी गढूळ असता हंडा कितीदा ओतला तरी काय होणार? म्हणून साठे रिकामे करण्याचा क्रम आतून बाहेर असा ठेवावा: प्रथम ऑब्जेक्ट कॅशे, मग पानांचा साठा, मग होस्टिंगचा, मग क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेचा, सरतेशेवटी स्वतःचा ब्राउझर. उलट क्रमाने केलेले काम फुकट जाते, आणि आपण सर्व काही केले अशी खोटी समजूत मागे ठेवून जाते.

आम्हांला ४ का दिसले? बहुतेक कॅशे प्लगइन प्रवेश केलेल्या संपादकाला साठ्यातले पान देत नाहीत. त्याच्यासाठी पान नवे रचले जाते. संपादकाचे डोळे या बाबतीत सर्वांत अविश्वासू साक्षीदार होत.

कोणता साठा बोलतो आहे?

काहीही पुसण्यापूर्वी जुने पान कोण देत आहे हे पाहावे. घाईने सर्व पुसले तर पान त्या वेळेपुरते सुधारते, पण पुरावा जातो आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रकार पुन्हा घडतो.

पान खाजगी खिडकीत, प्रवेश न करता उघडावे. नंतर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन पुढे कोणताही निरर्थक शब्द जोडावा व पुन्हा उघडावे. बहुतेक साठे हा नवा पत्ता समजतात आणि पान मुळापासून रचून घेतात. जोडलेल्या शब्दासह नवा मजकूर आणि त्याशिवाय जुना, असे दिसले तर माहितीकोशातील मजकूर बरोबर आहे आणि दोषी कोणता तरी साठाच आहे. दोन्हीकडे जुनाच दिसला, तर ऑब्जेक्ट कॅशेवर संशय घ्यावा. किंवा बदल जतन झालाच नसेल, तेही एकदा पाहावे. (हे आमच्याकडून दोनदा झाले आहे.)

त्यानंतर संगणकावरील ब्राउझरमध्ये तपासणीची साधने उघडून ‘नेटवर्क’ भागात पानाबरोबर आलेले शीर्षलेख वाचावेत. पान लाइटस्पीडच्या साठ्यातून आले असेल, तर त्याच्या नावाच्या ओळीपुढे ‘हिट’ असे दिसते. क्लाउडफ्लेअरचीही अशीच स्वतंत्र ओळ असते. ‘एज’ ही ओळ असेल, तर पान साठ्यात किती सेकंद पडून आहे ते कळते. तेथे ८६,४०० च्या आसपासचा आकडा असेल तर ते पान कालचे. पानाचा मूळ कोड उघडून अगदी तळाशी पाहिले, तर सुपर कॅशे, डब्ल्यू-थ्री टोटल कॅशे व डब्ल्यूपी रॉकेट बहुधा आपली सही ठेवून गेलेली असतात. तळाशी दोन सह्या आढळल्या की पुढचा शोध सोपा होतो.

वर्डप्रेसच्या प्लगइन पडद्यावर ‘ड्रॉप-इन’ असा एक वेगळा भाग असतो, तो फारसे कोणी उघडत नाही. अ‍ॅडव्हान्स्ड-कॅशे आणि ऑब्जेक्ट-कॅशे या फाईली तेथे दिसतात. २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून ‘साइट हेल्थ’ या पडद्यावर पानांच्या साठ्याची चाचणीही आहे; साठा आहे की नाही एवढे ती सांगते, दोन आहेत हे सांगत नाही. ‘हेल्थ चेक’ प्लगइनची समस्यानिवारण रीत चांगली, परंतु तिच्यात एक फसगत आहे. ती फक्त तपासणाऱ्यापुरती प्लगइन बंद करते. बाहेरच्या वाचकाला साठ्यातले पान मिळतच राहते आणि ड्रॉप-इन फाईली जागेवरच असतात. कॅशेच्या तंट्यात या रीतीने मिळालेल्या निष्कर्षावर पूर्ण भिस्त ठेवू नये.

जुन्या मजकुराऐवजी पानाचा पोशाखच उतरलेला दिसत असेल, म्हणजे रंग नाहीत, रकाने मोडले आहेत, मेनू एकाखाली एक पडला आहे, तर कारण निराळे असते. ऑटोऑप्टिमाइझसारखे प्लगइन शैलीच्या अनेक फाईली एकत्र करून नव्या नावाची एक फाईल करते. मजकूर बदलला की नावही बदलते आणि जुनी फाईल कालांतराने पुसली जाते. पानांचा साठा दुसऱ्या प्लगइनच्या हाती असेल, तर त्यातले पान अजून जुन्याच नावाची फाईल मागत असते. ती नसते. पान उघडे पडते. येथे एकत्रीकरणाचे काम एकाकडेच द्यावे: ऑटोऑप्टिमाइझ ठेवायचे तर डब्ल्यूपी रॉकेट किंवा लाइटस्पीडमधली तीच सोय बंद. चित्रे उशिरा उतरविण्याची सोयही अशीच. ती २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच आहे; वर आणखी दोन प्लगइनांनी तीच जबाबदारी घेतली की छायाचित्रांच्या जागी कोरे चौकोन राहतात.

दोघांनीही पाने ‘आगाऊ भरून’ ठेवण्याची सोय चालू केली असेल, तर दोघेही रात्रंदिवस सगळे संकेतस्थळ पालथे घालतात. सामायिक होस्टिंगवर याचा परिणाम म्हणून ५०८ क्रमांकाची चूक दिसते; आणि वेग वाढावा म्हणून केलेल्या उपायाने संकेतस्थळ बंद पडते.

देवनागरी पत्त्यांची अडचण

इंग्रजीतील मार्गदर्शनात ही गोष्ट सहसा सापडत नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. मराठी मथळा दिला की वर्डप्रेस त्यावरूनच पानाचा पत्ता तयार करते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह संगणकाच्या साठवणीत तीन बाइटांचे, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह अधिक दोन अक्षरे असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. मात्रा, वेलांटी, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘रत्नागिरी’ या एका शब्दात अशी नऊ चिन्हे आहेत. पत्त्यात त्याच्या ८१ जागा होतात. पत्त्याच्या या भागासाठी माहितीकोशात २०० जागांची मर्यादा असल्याने सुमारे २२ चिन्हांनंतर मथळा तुटतो.

परिणामी ‘अंत्यविधीच्या वेळेत बदल’ अशा एकाच धाटणीच्या दोन सूचनांचे पत्ते सारखेच तुटतात, आणि दुसऱ्याच्या शेवटी केवळ २ हा आकडा लागतो. साठ्यातून एकच पान पुसायचे असता चुकीचे पान पुसले जाणे मग नवलाचे नाही. शिवाय वर्डप्रेस ही टक्केचिन्हांची अक्षरे लहान लिपीत जपते, तर देवनागरी पत्ता हाताने टाईप केला की ब्राउझर ती मोठ्या लिपीत पाठवितो. वर्डप्रेसला दोन्ही पत्ते एकच. काही साठ्यांच्या हिशेबी मात्र ती दोन पाने ठरतात, आणि पुसताना त्यांतले एकच पुसले जाते. दुवा दाबून येणाऱ्याला नवे पान, पत्ता लिहून येणाऱ्याला जुने, असा चमत्कारिक प्रकार आढळला तर हे कारण तपासावे. आम्ही तेव्हापासून मथळा मराठीत ठेवतो, पण पत्ता हाताने रोमन लिपीत, छोटा आणि तारखेसह लिहितो. मराठीच्या अभिमानाला हे थोडे बोचते. उपाय मात्र लागू पडतो.

आंब्याची पेटी दुसऱ्याच्या नावावर

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. संकेतस्थळावरून थेट गिऱ्हाइकाला पेटी विकू पाहणाऱ्या बागायतदारासाठी एप्रिल-मे हे दोनच महिने महत्त्वाचे, आणि त्यात भाव दिवसागणिक उतरतो. साठ्यातल्या पानावर कालचा भाव राहिला तर वाद होतो. पण त्याहून गंभीर बाब आहे ती खरेदीच्या पिशवीची. पिशवी, पैसे भरणे आणि ‘माझे खाते’ ही पाने प्रत्येक गिऱ्हाइकाची निराळी असतात. ती कधीही साठवू नयेत. वू-कॉमर्स ही सूचना प्लगइनांना स्वतःच देते आणि नामांकित प्लगइन ती पाळतात. परंतु होस्टिंगच्या किंवा क्लाउडफ्लेअरच्या पातळीवर कोणी हाताने नियम लिहिला असेल, तर त्यात इंग्रजी ‘कार्ट’ हाच पत्ता वगळलेला असतो. पानाचा पत्ता मराठीत ‘खरेदी-पिशवी’ असा बदलला की नियम त्याला ओळखत नाही. मग एका गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता आणि मोबाईल क्रमांक दुसऱ्याच्या पडद्यावर दिसू शकतो. अशा वेळी शोध नंतर घ्यावा. प्रथम बाहेरचा साठा पूर्ण बंद करावा.

अर्ज भरून घेणाऱ्या पानांबाबतही काळजी हवी. वर्डप्रेस सुरक्षेसाठी अर्जात जी गुप्त खूण घालते ती जास्तीत जास्त २४ तास टिकते. पान त्याहून अधिक काळ साठ्यात राहिले की वाचक अर्ज भरतो, पाठवितो, आणि तो नाकारला जातो. डब्ल्यूपी रॉकेटने साठ्याची मूळ मुदत १० तास ठेवली आहे ती याचसाठी. दोन साठे एकावर एक असतील तर मुदतींची बेरीज होते, हे विसरले जाते: आत १० तास, बाहेर २४ तास, म्हणजे वाचकापुढचे पान ३४ तासांपर्यंत जुने असू शकते.

प्लगइन काढले, खुणा राहिल्या

दोनपैकी कोणते ठेवावे? सर्व्हर लाइटस्पीडचा असेल तर लाइटस्पीड कॅशे. अपाचे असेल आणि सांभाळणारा माणूस नवखा असेल तर सुपर कॅशे पुरेसे आहे. डब्ल्यू-थ्री टोटल कॅशेमध्ये इतक्या कळा आहेत की धर्मग्रामाच्या संकेतस्थळाला त्यांची गरज नाही, असे आमचे मत झाले आहे. निवडीपेक्षा दुसरे नीट काढणे महत्त्वाचे.

प्रथम संपूर्ण प्रत जतन करावी. मग जे काढायचे त्याच्याच पडद्यावर साठविणे बंद करावे, साठा रिकामा करावा, नंतर ते निष्क्रिय करावे आणि शेवटी हटवावे. फोल्डर सरळ पुसून टाकले तर त्याचे नियम मागे राहतात. एचटीअ‍ॅक्सेस फाईलमध्ये प्रत्येक प्लगइन आपल्या नावाच्या ‘आरंभ’ व ‘शेवट’ अशा दोन ओळींमध्ये नियम लिहिते. ते राहिले तर सर्व्हर वर्डप्रेसला न विचारताच जुन्या फोल्डरमधली पाने देत राहतो, आणि ती पुसणारे कोणी उरलेले नसते. अ‍ॅडव्हान्स्ड-कॅशे फाईल उघडून तीत कोणाचे नाव आहे ते वाचावे. सुपर कॅशे डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये सर्व्हरवरील आपल्या फोल्डरचा मार्ग लिहून ठेवते. संकेतस्थळ दुसऱ्या होस्टिंगवर नेले की तो मार्ग चुकीचा ठरतो, तोही पाहावा.

निष्क्रिय करून तसेच ठेवलेले प्लगइनही निरुपद्रवी समजू नये. एप्रिल २०१३ मध्ये सुपर कॅशे व डब्ल्यू-थ्री टोटल कॅशे या दोहोंत सर्व्हरवर परका कोड चालविता येईल अशी त्रुटी उघड झाली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये लाइटस्पीड कॅशेमध्ये अशीच गंभीर त्रुटी आढळली. तेव्हा ते ५० लाखांहून अधिक संकेतस्थळांवर होते. ६.४ आवृत्तीत ती दुरुस्त झाली. त्याच्या पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका त्रुटीसाठी पुन्हा सुधारित आवृत्ती काढावी लागली. जे वापरात नाही ते अद्ययावत करण्याचे भान कोणालाच राहत नाही.

वेळेवर न निघालेली सूचना

कॅशेशी संबंध लक्षात येत नाही असा एक दोष उरला. पहाटे ५ वाजता प्रसिद्ध होण्यासाठी लावून ठेवलेली सूचना ८ वाजेपर्यंत निघत नाही. वर्डप्रेसचे घड्याळ स्वतः चालत नाही; कोणी पान मागितले आणि वर्डप्रेस जागे झाले, म्हणजे ते ठरलेली कामे उरकते. साठा उत्तम चालत असेल तर सर्व्हर तयार पाने परस्पर देतो आणि वर्डप्रेसला कोणी उठवीतच नाही. जुनी पाने पुसण्याचे कामही याच घड्याळावर असल्याने तेही लांबते. होस्टिंगच्या नियंत्रण पडद्यावर ‘क्रॉन’ या सोयीत दर १५ मिनिटांनी डब्ल्यूपी-क्रॉन ही फाईल चालविण्याची आज्ञा द्यावी. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि एकदाच करावे लागते.

आमच्याकडे आता एका वहीत कोणता साठा कोठे आहे, त्याची मुदत किती आणि त्याचे बटण कोणाकडे आहे, हे लिहिलेले असते. अंत्यविधीची सूचना बदलली की आम्ही वर सांगितलेल्या क्रमाने साठे रिकामे करतो आणि मग वाडीतल्या एखाद्या घरी दूरध्वनी करून विचारतो, तुमच्या मोबाईलवर किती वाजता दिसते आहे? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेले जुन्या पानाचे छायाचित्र मात्र कोणत्याही बटणाने पुसले जात नाही. त्यासाठी सूचनेच्या मथळ्यातच ‘सुधारित’ हा शब्द आणि वेळ घालतो.